बाड, छापखाना आणि मेमरी कार्ड : वैयक्तिक प्रत व भारतीय प्रताधिकार कायद्याचा इतिहास (हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

‘कॉपीराइट’ या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द रूढ आहेत. ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द मालकीवर भर देतो, तर ‘प्रताधिकार’ हा शब्द प्रत करण्याच्या अधिकारावर. सर्वसामान्य वाचकाच्या मनात मात्र पहिलाच अर्थ ठसलेला असतो. पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ अशी ओळ छापलेली असते. ती वाचून मालकाच्या परवानगीवाचून कोणतीही प्रत करणे हा गुन्हाच, अशी समजूत होते. याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच प्रचलित आहे. जे संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर विनासायास मिळते ते सर्वांचेच, त्यात विचारायचे काय, असे मानले जाते. महाविद्यालयांच्या वर्गांत, ग्रंथालयांत व प्राध्यापक-कक्षांत या दोन्ही समजुती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कायद्याचा आधार मात्र दोहोंपैकी एकीलाही नाही.

स्वतःच्या उपयोगासाठी केलेल्या प्रतीकडे भारतीय कायद्याने वेळोवेळी कसे पाहिले, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ निवडण्यास तीन कारणे आहेत. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेले नर्सी हे गाव याच जिल्ह्यात आहे आणि नामदेवांच्या नावावरील काव्य हस्तलिखित प्रतींतूनच टिकले. दुसरे, हा भूभाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. तिसरे, १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पुणे-मुंबईच्या ग्रंथव्यवहारापासून दूर आहे. दुर्मीळ पुस्तकाची प्रत मिळणे वा न मिळणे यावर येथील अध्यापकाचे संशोधन अडू शकते. म्हणूनच हा प्रश्न येथे केवळ कायद्याच्या पुस्तकातला राहत नाही.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, भारतीय कायद्याचा रोख प्रामुख्याने बाजारात जाणाऱ्या प्रतीवर राहिला. अभ्यासासाठी केलेल्या खाजगी प्रतीला त्याने आरंभापासून काही जागा दिली आणि २०१२ मध्ये ती जागा बरीच रुंद केली. अंकीय तंत्रामुळे या दोन प्रतींमधील दिसणारा फरक पुसला गेला असला, तरी कायद्यातील फरक कायम आहे. तो न ओळखल्यास एकीकडे मराठी लेखक-प्रकाशकाचे नुकसान होते, तर दुसरीकडे अध्यापक व ग्रंथपाल आपला न्याय्य अधिकार अकारण सोडून देतात.

बाडाची परंपरा

मुद्रणपूर्व काळात ग्रंथ म्हणजे प्रत आणि प्रत म्हणजे कोणाच्या तरी हाताने उतरवून घेतलेला मजकूर होय. वारकरी परंपरेत या उतरवण्याचे एक विशिष्ट साधन होते, ते म्हणजे बाड. पोथी ही पूजेत ठेवण्याची वस्तू असे, तर बाड हे कीर्तनकाराच्या हाताशी असणारे वापराचे टिपण. त्यात कोणते अभंग घ्यावेत, कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे बाड बाळगणाराच आपल्या गरजेनुसार ठरवीत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर बाड ही वैयक्तिक उपयोगासाठी केलेली निवडक प्रत होती.

क्रिश्चन ली नोवेट्स्की या अमेरिकन अभ्यासकाने नामदेव-परंपरेवरील आपल्या २००८ च्या ग्रंथात या बाडांकडे लक्ष वेधले आहे. नामदेवांच्या नावावरील काव्य एका लेखणीतून एकाच वेळी उतरलेले नाही. १३ व्या-१४ व्या शतकांतील नामदेव आणि १६ व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला विष्णुदास नामा यांच्या रचना ‘नामा’ या एकाच मुद्रेखाली एकत्र आल्या, हे मराठी संशोधकांनीही पूर्वीच दाखविले आहे. कीर्तनकारांनी आपापल्या बाडांत ज्या रचना जपल्या, त्यांतून पुढे गाथा घडली. शिखांच्या आदिग्रंथातही, ज्याचे संकलन १६०४ मध्ये झाले, नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. नर्सीपासून पंजाबपर्यंतचा हा प्रवास गाणाऱ्यांच्या कंठातून आणि उतरवून घेणाऱ्यांच्या हातांतून झाला. परंपरेनुसार औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला. या दोन्ही स्थळांमुळे हा वारसा हिंगोली जिल्ह्याला विशेष जवळचा आहे.

या परंपरेत प्रत करण्यास मज्जाव नव्हता, याचा अर्थ तेथे कोणताच नियम नव्हता असा नव्हे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्या वेळी या ग्रंथात कोणी पदरची ओवी घालू नये, असा इशारा त्यांनी देऊन ठेवला. लेखनिकही पोथीच्या अखेरीस, समोर जे होते तसेच उतरविले, असे सांगून दोष आपल्यावर येऊ नये अशी विनंती करीत. यावरून असे दिसते की, त्या काळी प्रत करणे हे पुण्यकर्म होते, परंतु पाठ बिघडवणे हा अपराध मानला जाई. आजच्या कायद्यातील कलम ५७, ज्यात रचनेवर आपले नाव असण्याचा आणि तिची विकृती रोखण्याचा लेखकाचा अधिकार सांगितला आहे, ते या जुन्या भावनेच्या जवळ जाते. मात्र प्रतीच्या विक्रीवरील मक्तेदारी ही कल्पना बाडाच्या जगात नव्हती. ती छापखान्याबरोबर आली.

छापखाना आणि पहिले कायदे

छापखान्याने एका प्रतीच्या हजार प्रती केल्या आणि त्याच वेळी लेखक, प्रकाशक व वाचक यांच्यात बाजार उभा केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालील प्रदेशासाठी १८४७ चा विसावा अधिनियम हा या विषयावरील पहिला कायदा होय. लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ७ वर्षे, परंतु एकूण ४२ वर्षांहून कमी नाही, अशी मुदत त्यात होती. १८६७ च्या पंचविसाव्या अधिनियमाने छापखाने व पुस्तके यांची नोंद सक्तीची केली. त्यामुळे मुंबई इलाख्यात प्रसिद्ध होणाऱ्या मराठी पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या तयार होऊ लागल्या.

याच सुमारास संतवाङ्मय छापून येऊ लागले. शंकर पांडुरंग पंडित यांनी अनेक हस्तलिखितांच्या आधारे संपादिलेली तुकारामांची गाथा सरकारी साहाय्याने १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. अभंग तुकारामांचे, म्हणजे कोणाच्याही मालकीचे नाहीत. परंतु पाठनिश्चिती, प्रस्तावना व टिपा यांमागे संपादकाचे श्रम आहेत. जुन्या मजकुराची मुक्तता आणि नव्या संपादनाचा हक्क हे दोन वेगळे प्रश्न तेव्हापासून उभे राहिले. आजही हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले जातात.

१९११ चा ब्रिटिश कायदा काही फेरफारांसह १९१४ च्या तिसऱ्या अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात आला. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे झाली. हिंदी लेखनाच्या भाषांतराचा एकाधिकार मात्र प्रथम प्रकाशनापासून १० वर्षांपुरता मर्यादित ठेवला गेला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘न्याय्य व्यवहार’ ही संकल्पना. खाजगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण व वृत्तपत्रीय सारांश यांसाठी केलेला न्याय्य व्यवहार हा हक्कभंग ठरणार नाही, असे कायद्याने स्पष्ट केले. वहीत कविता उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा संदर्भ टिपून घेणाऱ्या अभ्यासकाला संहितेत प्रथमच नावानिशी जागा मिळाली.

हैदराबाद संस्थान ते १९५७

ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी प्रदेशात आपोआप लागू होत नसत. हिंगोली ही हैदराबादच्या फौजेची छावणी म्हणून प्रसिद्ध होती, पण तिचा मुलकी कारभार निजामाच्या राज्यातील होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी ग्रंथव्यवहाराची केंद्रे संस्थानाच्या सीमेपलीकडे होती. अशा स्थितीत येथील वाचकाच्या दृष्टीने पुस्तकाची मालकी कोणाची, यापेक्षा पुस्तक हाती पडते की नाही, हाच मुख्य प्रश्न होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. राज्यघटनेने प्रताधिकार हा विषय संघसूचीतील ४९ व्या नोंदीत घातला, त्यामुळे तो केंद्राच्या अखत्यारीत आला. १९५५ चा हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायदा ही या काळातील आणखी एक महत्त्वाची घटना. पुढे भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यानंतर महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला.

भारताचा स्वतंत्र प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये संमत झाला व २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे. त्यातील पहिल्याच खंडात साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांच्या बाबतीत संशोधन वा खाजगी अभ्यास आणि टीका वा परीक्षण यांसाठीचा न्याय्य व्यवहार मान्य केला होता. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट या दोन स्वतंत्र प्रकारांचा उल्लेख त्या खंडात नव्हता. १९५७ मध्ये ही उणीव कोणाला जाणवली नसेल, कारण घरबसल्या ध्वनिमुद्रिकेची किंवा चित्रपटाची प्रत करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. पुढील तीन दशकांत मात्र परिस्थिती पालटली.

कॅसेट आणि व्हिडिओचा काळ

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून टेपरेकॉर्डर खेड्यापाड्यांत पोहोचू लागला. कीर्तन, भारूड, भक्तिगीते, भीमगीते, लग्नातील गाणी यांच्या कॅसेट जत्रांत व बाजारांत विकल्या जाऊ लागल्या. संगीताच्या अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे कॅसेटने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक व लोकसंगीताला स्वतःची बाजारपेठ मिळवून दिली. त्याचबरोबर चोरट्या प्रतींचा धंदाही तिनेच वाढविला. या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रातून घडल्या, हे लक्षात घेतले पाहिजे.

संसदेची पहिली प्रतिक्रिया शिक्षेच्या रूपाने आली. १९८४ च्या दुरुस्तीने हक्कभंगासाठी किमान ६ महिने ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद केली. ध्वनिमुद्रण व व्हिडिओ यांच्या वेष्टनावर निर्मात्याचा तपशील छापणे बंधनकारक झाले. पुढे १९९४ मध्ये यात एक महत्त्वाची पुष्टी जोडली गेली. हक्कभंग व्यापार वा धंद्यातील लाभासाठी केलेला नसेल, तर न्यायालयास कारणे नमूद करून किमान मर्यादेपेक्षा कमी शिक्षा देता येईल. नफ्यासाठी केलेली प्रत आणि नफ्याविना केलेली प्रत यांतील भेद दंडसंहितेच्या भाषेत मान्य झाल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय. महाराष्ट्रानेही १९८१ च्या आपल्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग घातला. त्याचाही रोख सराईत व्यापारी चोरांवर होता.

तरीही कायद्यात एक विसंगती उरलीच. विकत घेतलेल्या कॅसेटवरील गाणी घरी दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेणाऱ्या श्रोत्याला कलम ५२ चा स्पष्ट आधार नव्हता, कारण ध्वनिमुद्रण हा प्रकार त्या खंडात नव्हताच. असंख्य घरांत जे सहज घडत होते, त्यावर कायदा मौन पाळून होता. याच काळात इतर देशांनी निरनिराळी उत्तरे शोधली. जर्मनीने १९६५ च्या कायद्याने खाजगी प्रतीला परवानगी दिली, पण ध्वनिमुद्रण यंत्रांच्या उत्पादकांकडून लेखक-कलावंतांसाठी मोबदला घेण्याची व्यवस्था केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दूरदर्शनवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी ध्वनिचित्रमुद्रित करणे हा न्याय्य वापर ठरविला, तोही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने. ब्रिटनने २०१४ मध्ये खाजगी प्रतीचा अपवाद आणला, परंतु हक्कधारकांना भरपाई न ठेवल्याच्या वादातून तेथील उच्च न्यायालयाने तो २०१५ मध्ये रद्दबातल केला. भारताने यंत्रांवरील असा मोबदला कधीच बसविला नाही.

संगणक आणि अंकीय प्रत

१९९४ च्या दुरुस्तीने ‘खाजगी अभ्यास’ हा शब्दप्रयोग बदलून ‘संशोधनासह खाजगी उपयोग’ असा केला. शब्द दोनच बदलले, पण आशय विस्तारला. मात्र त्याच वेळी संगणक-प्रणाली या खंडातून वगळण्यात आली. तिच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येईल, असे १९९४ मध्ये ठरले. १९९९ च्या दुरुस्तीने, कायदेशीर मार्गाने स्वतः मिळविलेल्या प्रणालीची गैरव्यापारी वैयक्तिक उपयोगासाठी प्रत करण्याची मुभाही दिली. याउलट, चोरटी प्रणाली आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हाच गुन्हा ठरला. पुस्तकाच्या बाबतीत केवळ वाचन हा गुन्हा होत नाही. प्रणालीच्या बाबतीत मात्र वापरालाही शिक्षा आहे. हा फरक अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो.

महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएससीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावी पोहोचला. त्यापाठोपाठ सीडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि स्वस्त भ्रमणध्वनी आले. बाजारगावांतील मोबाइल दुकानांत पैसे घेऊन गाणी व चित्रपट कार्डात भरून देणे हा सर्रास व्यवहार झाला. २०१६ मध्ये ‘सैराट’सारख्या लोकप्रिय मराठी चित्रपटाच्या चोरट्या प्रतीही अशाच मार्गांनी पसरल्या. २०२० च्या टाळेबंदीत मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रती समूहांतून फिरू लागल्या, तेव्हा प्रकाशन-व्यवसायाची चिंता आणखी वाढली.

या सर्व प्रकारांत एक तांत्रिक वैशिष्ट्य समान आहे. बाड उतरवायला महिने लागत. झेरॉक्सला पैसे लागतात आणि कॅसेटची प्रत मूळ ध्वनीपेक्षा कमअस्सल होते. अंकीय प्रत मात्र क्षणात, जवळजवळ फुकट आणि मुळाबरहुकूम होते. पूर्वी श्रम, खर्च व घसरणारा दर्जा हेच वैयक्तिक प्रतीला वैयक्तिक ठेवीत असत. हे नैसर्गिक बांध तुटल्यावर ते काम एकट्या कायद्यावर आणि वापरणाऱ्याच्या विवेकावर येऊन पडले.

२०१२ ची दुरुस्ती

२१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ५२ चा पहिला खंड नव्याने लिहिला. साहित्य, नाट्य, संगीत व कला ही मर्यादा काढून, संगणक-प्रणाली वगळता ‘कोणत्याही कृती’चा न्याय्य व्यवहार त्यात आला. उद्देश ‘संशोधनासह खाजगी वा वैयक्तिक उपयोग’ असा झाला. ध्वनिमुद्रण व चित्रपट यांची पंचावन्न वर्षांची उणीव अशी भरून निघाली. शिवाय, या उद्देशांसाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा हक्कभंग होणार नाही, असे स्पष्टीकरणही जोडले गेले. विकत घेतलेल्या सीडीवरील अभंग स्वतःच्या संगणकावर घेणारा श्रोता किंवा दुर्मीळ पुस्तकातील प्रकरण छायाचित्रित करून जवळ ठेवणारा संशोधक आज या तरतुदीचा आधार घेऊ शकतो.

तथापि दोन मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा ‘न्याय्य’ या शब्दात आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात उतरवून घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व महत्त्व, त्यामागील उद्देश आणि मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव हे निकष सांगितले. बाजारात उपलब्ध असलेली कादंबरी पूर्णपणे स्कॅन करून विकत घेणे टाळणे हे या निकषांवर टिकणे कठीण आहे. दुसरी मर्यादा ‘वैयक्तिक’ या शब्दात आहे. तीच प्रत शेकडो सदस्यांच्या समूहात टाकली, तर ते कायद्याच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे ठरते. हेतू कितीही चांगला असला, पैसे एकही घेतले नसले, तरी तो व्यवहार मग वैयक्तिक उरत नाही.

याच दुरुस्तीने कलम ६५ अ आणले. हक्कभंगाच्या इराद्याने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘इराद्याने’ हा शब्द येथे कळीचा आहे. कायद्याने निषिद्ध न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणे या कलमाने रोखलेले नाही. परंतु वैयक्तिक प्रतीचा अधिकार असूनही कुलूप उघडून देण्याची जबाबदारी प्रकाशकावर टाकलेली नाही. त्यामुळे अधिकार कागदावर आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती राहते. २०२३ च्या चलच्चित्र (सुधारणा) कायद्याने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला. मात्र त्यातही कलम ५२ चे अपवाद शाबूत ठेवले आहेत. शिक्षा वाढविताना अपवाद राखण्याचे हे धोरण १९९४ पासूनच्या प्रवाहाशी सुसंगत आहे.

वर्ग आणि ग्रंथालय

अध्यापनाच्या संदर्भात कायदा वैयक्तिक उपयोगाच्याही पुढे जातो. अध्यापक वा विद्यार्थ्याने शिक्षणाच्या ओघात केलेले पुनरुत्पादन कलम ५२ च्या स्वतंत्र खंडाने वैध ठरविले आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ व तेथील झेरॉक्स दुकानाविरुद्ध २०१२ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात या खंडाचा कस लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, शैक्षणिक उद्देशासाठी आवश्यक तेवढे पुनरुत्पादन वैध असल्याचे तत्त्व मान्य करून काही वस्तुस्थितीविषयक मुद्दे पुन्हा तपासण्यास सांगितले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. अभ्यासक्रमास आवश्यक उताऱ्यांचा संच विद्यार्थ्यांना देणाऱ्या अध्यापकास या निर्णयाचा मोठा आधार आहे. बाजारातील ‘गाइड’ची सरसकट नक्कल करणाऱ्यास मात्र तो आधार मिळत नाही.

गैरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास, भारतात विक्रीसाठी उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या उपयोगासाठी ३ पर्यंत प्रती करता येतात. जवळ छापील प्रत असल्यास जतनासाठी तिची अंकीय साठवणही करता येते. केवळ आपल्याच सभासदांना खुले असणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने मात्र ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ विचारपूर्वक लावला पाहिजे. दिव्यांग वाचकांसाठी सुलभ स्वरूपात प्रत करण्याची स्वतंत्र मुभाही २०१२ पासून आहे. दृष्टिहीनांसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारतच होय. अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तकाचे ध्वनिमुद्रण करताना कचरण्याचे त्यामुळे कारण नाही.

मुदतीचे गणितही हिंगोलीच्या ग्रंथालयांना उपयोगी पडणारे आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्क संपण्याच्या वेळी, १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ५० वरून ६० वर्षांवर नेली. त्यामुळे ११ जून १९५० रोजी निवर्तलेल्या साने गुरुजींचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २००१ ऐवजी १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. जुन्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेले कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ मध्ये वारले. त्यांचे हयातीतील प्रकाशित लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांसाठी खुले आहे. ते स्कॅन करून खुले ठेवण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

शासकीय प्रकाशनांचा हिशेब वेगळा आहे. त्यांची मुदत प्रकाशन-वर्षानंतर ६० वर्षे असते. हिंगोलीचा इतिहास ज्यात सापडतो तो परभणी जिल्ह्याचा गॅझेटियर १९६७ चा आहे. त्यावरील शासनाचा हक्क २०२७ च्या अखेरीस संपेल. राजपत्र आणि गॅझेटियर या दोन वेगळ्या गोष्टी होत. राजपत्रातील मजकुराला कलम ५२ ची मोकळीक आहे, ती गॅझेटियरला आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्र शासनाने नामदेवांच्या सप्तशताब्दीनिमित्त काढलेली ‘श्री नामदेव गाथा’ १९७० ची आहे. तिच्यातील अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत. परंतु प्रस्तावना, टिपा व संपादकीय भाग यांवरील हक्क २०३० च्या अखेरपर्यंत चालू राहील. नर्सीच्या यात्रेत अभंगांची पुस्तिका छापणाऱ्याने आणि संपादकीय टिपा उचलणाऱ्याने हा भेद जाणून घेतला पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. भारतीय कायद्याने अभ्यासासाठीची खाजगी प्रत १९१४ पासून मान्य केली आहे. २०१२ पासून ती मान्यता संगणक-प्रणाली वगळता सर्व कृतींना व अंकीय साठवणीलाही आहे. दुसरे, ही मान्यता उद्देशावर व प्रमाणावर अवलंबून असून प्रत कोणत्या यंत्राने केली यावर नाही. तिसरे, वैयक्तिक प्रत दुसऱ्यांना वाटली जाऊ लागली की तिचे स्वरूप बदलते. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा पाचशे-हजार प्रतींची असते. समूहांत फिरणारी एक पीडीएफ त्या आवृत्तीच्या विक्रीला भारी पडू शकते, आणि तिचा फटका लेखकापेक्षाही त्या लेखकाच्या पुढील पुस्तकाला बसतो.

म्हणून अध्यापक व ग्रंथपाल यांनी प्रत करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारणे पुरेसे आहे. कृतीची मुदत संपली आहे काय? संपली नसल्यास ती बाजारात मिळते काय? प्रत स्वतःसाठी वा वर्गासाठी आहे, की सर्वांना वाटण्यासाठी? पाठ व लेखकाचे नाव जसेच्या तसे राखले आहे काय? यांतील शेवटचा प्रश्न बाडाच्या जगातही विचारला जात होता. आधीचे प्रश्न छापखान्याने व अंकीय तंत्राने त्यात मिळविले. दुर्मीळ व मुक्त झालेले मराठवाड्याचे साहित्य जतन करण्यासाठी कायद्याने दिलेला अवकाश पूर्णपणे वापरणे, आणि हयात लेखकाचे पुस्तक विकत घेऊन वाचणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडता येतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयात मुदत संपलेल्या व मुदत चालू असलेल्या मराठी ग्रंथांची स्वतंत्र सूची केली, तर या कामाचा आरंभ होऊ शकेल.